कोल्हापूरहून समुद्रपक्षी बघायला: उन्हाळ्यातल्या बोटफेरीची तयारी

कोल्हापूरकराला पक्षी बघायचे म्हटले की रंकाळा, कळंबा नाहीतर थेट दाजीपूर आठवते. घाट उतरला की चार तासांत समुद्र लागतो, पण तिथे आपण मासे खायला आणि किल्ला बघायला जातो. मे महिन्याच्या सुट्टीत मालवणला पोहोचायचे, जेवणाआधी अकरा वाजता बोटीत बसायचे, वीस मिनिटे डॉल्फिनमागे पळायचे, निम्म्या लोकांनी ओकायचे आणि परत यायचे, अशी बहुतेकांची समुद्रफेरी होते. तोच समुद्र सकाळी साडेसहाला वेगळा असतो. हा लेख पहिल्यांदाच पक्ष्यांसाठी आणि समुद्री जीवांसाठी बोटीत बसणाऱ्यांसाठी आहे.

१. आधी महिना ठरवा, मग तिथी

मार्च ते मेचा मध्य हा आपला काळ. मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रवासी बोटी बंद होऊ लागतात आणि पावसाळाभर बंदच राहतात. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. त्यामुळे '२५ मे नंतर निवांत जाऊ' हा बेत आखू नका.

महिन्यागणिक पक्षी बदलतात. मार्चमध्ये हिवाळी पाहुणे कुरव, म्हणजे गल, अजून किनाऱ्यावर असतात आणि परतीच्या आधी त्यांच्या डोक्यावर गडद टोपी चढायला लागते. एप्रिलमध्ये त्यांची संख्या झपाट्याने घटते, पण सुरय, म्हणजे टर्न, विणीच्या पिसाऱ्यात असतात आणि ओळखायला सोपे जातात. मेमध्ये खोल पाण्याकडचे पक्षी दिसण्याची शक्यता वाढते: ब्रायडल्ड टर्न, स्कुआ आणि अंटार्क्टिकाकडून हिवाळा टाळायला आपल्या समुद्रात येणारा चिमणीएवढा विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. पहिलीच फेरी असेल तर एप्रिलचा पहिला पंधरवडा निवडा. हवा बरी असते आणि गर्दी सुरू झालेली नसते.

आता तिथी. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अमावास्याही पंधरावी धरायची. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी त्या बंदराचे भरतीचे कोष्टक बघाच. पण घरबसल्या दिवस निवडायला हे गणित पुरेसे आहे.

नवमी ते एकादशी हे दिवस धरा, शुद्ध असो की वद्य. या दिवसांत भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी आणि प्रवाह मंद. शिवाय सकाळी निघताना आणि परतताना खाडीच्या मुखात पाणी पुरेसे असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पहाटे पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी लागते, साडेसहाला मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर पाणी उथळ असते आणि तिथेच लाट फुटते. देवबागला कर्ली खाडीच्या मुखातून बाहेर पडताना हा फरक फार जाणवतो.

२. सकाळच का, हे समजून घ्या

शाळेतल्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. रात्री जमीन थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. पहाटे तो मंदावतो आणि समुद्र तेलासारखा गुळगुळीत होतो. सपाट पाण्यावर डॉल्फिनच्या पाठीचा पर एक किलोमीटरवरूनही दिसतो. दहा-साडेदहाला जमीन तापते, समुद्राकडून खारा वारा सुटतो, लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस फुटू लागतो. मग प्रत्येक फेस डॉल्फिन वाटतो.

दुसरे कारण प्रकाश. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी बोटीतून पश्चिमेकडे बघताना सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्याच्या चोचीचा रंगसुद्धा स्पष्ट दिसतो. संध्याकाळी सगळे उलटे होते: समोर झळाळी, त्यात काळ्या आकृत्या. सूर्यास्ताची फेरी सुंदर असते, पण पक्षी ओळखायला ती निरुपयोगी.

म्हणून साडेसहाला निघायचे, दहापर्यंत धक्क्यावर परत.

३. ठिकाण आणि रस्ता

कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली, कसालमार्गे मालवण सुमारे दीडशे किलोमीटर. देवगड किंवा विजयदुर्गला जायचे तर गगनबावड्याहून करूळ घाट सोयीचा. घाटांत दुरुस्तीसाठी वाहतूक अनेकदा वळवलेली असते, आदल्या दिवशी चौकशी करा. रात्री दोनला निघून थेट बोटीत बसण्याचा बेत करू नका. घाटाच्या वळणांनी ढवळलेले पोट आणि जागरण एवढे दोन्ही असेल तर समुद्र लागणारच. शिवाय दाजीपूरच्या जंगलातून रात्री गवे रस्त्यावर येतात. आदल्या दुपारी निघा आणि मुक्काम किनाऱ्यावर करा.

पहिल्या फेरीला मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती हा पट्टा उत्तम. बोटी भरपूर, अंतर कमी. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा खडकाळ भाग त्यातच येतो. तिथून प्रवाळ, शंख, काहीही उचलायचे नाही.

वेंगुर्ला रॉक्स हा बेटांचा पुंजका अनुभवी लोकांना खुणावतो. तिथे दीपगृह आहे, सुरयांच्या वसाहती आहेत आणि गुहांमध्ये भारतीय पाकोळ्यांची घरटी आहेत. ही घरटी लाळेपासून बनतात, म्हणून त्यांची चोरीही झालेली आहे. उन्हाळा हाच त्यांच्या विणीचा काळ. बेटावर उतरायचे नाही, गुहेच्या तोंडाशी बोट न्यायची नाही. माणूस जवळ आला की सुरय अंड्यांवरून उठतात आणि उघडी पडलेली अंडी मे महिन्याच्या उन्हात काही मिनिटांत तापतात. लांबून फेरी मारली तरी पक्षी डोक्यावरून जातातच. अंतर आणि उघडा समुद्र बघता हे ठिकाण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीसाठी ठेवा.

आंग्रिया बँकचे नाव ऐकून उत्साहाने विचारणारे बरेच भेटतात. ती विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून जास्त पश्चिमेला आहे. लहान बोटीतून एका दिवसाचे ते काम नाही.

४. बोट ठरवणे: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

वेळेचे पैसे ठरवा, डॉल्फिनचे नाही. 'डॉल्फिन दाखवला तरच पैसे' असा सौदा केला की तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, बिचारा जनावरामागे बोट पिटाळणार, आणि ती पळवापळवी आपणच विकत घेतलेली असेल. फोनवर स्पष्ट बोला: 'दादा, आम्ही सहा जण आहोत, सकाळी साडेसहा ते साडेनऊ बोट पाहिजे. काही दिसो न दिसो, तीन तासांचे पैसे देणार. वेग कमी ठेवायचा आणि सांगू तिथे इंजिन बंद करायचे.' बहुतेक तांडेलांना ही मागणी नवी असते, पण एकदा कळली की तेच सर्वांत चांगले वाटाडे होतात. कुठे तारली माशांचा थवा आहे, कुठे काल पक्षी पाण्यात सूर मारत होते, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

आगाऊ रक्कम थोडीच द्या आणि हवामानामुळे फेरी रद्द झाली तर काय, हे आधीच ठरवा. तांडेल 'आज नको' म्हणाला तर वाद घालू नका.

धक्क्यावर बोटीत पाय ठेवण्याआधी हे बघा:

- बोटीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला आहे का, आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा प्रवासी वाहतुकीचा परवाना आहे का. मासेमारीची होडी स्वस्तात मिळते, पण तिला प्रवासी न्यायची परवानगी नसते. अपघातात विमाही हाती लागत नाही.
- परवान्यात किती माणसे लिहिली आहेत. त्याच्या निम्मी-पाऊण माणसे घेतली तरच दोन्ही बाजूंना मोकळेपणाने बघता येते.
- प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, आणि त्याचे बक्कल लागते का. मुलांना मुलांच्याच मापाचे हवे. मोठे जॅकेट पाण्यात डोक्यावरून निसटते.
- तांडेलाबरोबर एक खलाशी, वल्हे, नांगर, दोर आणि जास्तीचे इंधन.
- सावलीचे छत. असावे, पण चारी बाजूंनी झालरी लोंबणारे नको. आकाशच दिसत नाही.

लहान बोटीत शौचालय नसते. हे गटातल्या सगळ्यांना, विशेषतः बायकांना, आधी सांगा. पाणी न पिता बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे. फेरी तीन तासांचीच ठेवा. पाठीच्या मणक्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी वेगवान बोटीत बसू नये, नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, पाण्यावर आपटते तेव्हा धक्का थेट कण्याला बसतो.

५. आदल्या संध्याकाळी हवामान

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा अंदाज रोज देते आणि उंच लाटांचा इशाराही. लाटेची उंची १ मीटरच्या आत असेल तर नवख्यांना निभावते. दीड मीटरच्या वर असेल तर बेत रद्द करा, कारण हेलकाव्यात दुर्बीण डोळ्याला टिकतच नाही. आकाश निरभ्र असूनही लांबच्या वादळाची भरदार लाट किनाऱ्याला येते, म्हणून फक्त आभाळ बघून ठरवू नका. हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज बघा: १० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटरपर्यंत ठीक.

६. बरोबर काय घ्यायचे

आधार किंवा दुसरे ओळखपत्र प्रत्येकाचे. सागरी पोलीस विचारू शकतात. फोनमध्ये तीन क्रमांक साठवा: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, वनखाते १९२६.

दुर्बीण ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटीची दुर्बीण जमिनीवर छान, पण बोटीवर थरथरही दहापट होते. जिच्यात पाणी शिरत नाही अशीच घ्या, पट्टा आखूड करून छातीशी ठेवा. जाण्याआधी पंधरा दिवस रंकाळ्याच्या काठावर सराव करा: उडता बगळा किंवा घार नुसत्या डोळ्यांनी धरायची आणि नजर न हलवता दुर्बीण वर आणायची. समुद्रावर झाड नाही, फांदी नाही, 'त्या खोडाच्या उजवीकडे' म्हणायची सोय नाही. पक्षी दुर्बिणीत धरायला दोन सेकंद मिळतात.

कॅमेरा असेल तर ३०० ते ४०० मिलिमीटरची झूम लेन्स, शटर १/२००० सेकंदाच्या आसपास. तिपाई घरी ठेवा. पांढरा पक्षी भगभगीत येऊ नये म्हणून उजेड थोडा कमी धरा. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या.

बाकी: माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसची पुडी, लांब बाह्यांचा फिका सुती शर्ट, दोरीने हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, सनस्क्रीन. पायांत पट्ट्याचे रबरी सँडल. कोल्हापुरी चप्पल ओल्या फायबरवर घसरते आणि खाऱ्या पाण्याने चामडे कडक होऊन वाया जाते.

७. पोटाचा बंदोबस्त

आदल्या रात्री तांबडा-पांढरा नको, मालवणी मटणही नको. भात, सोलकढी, साधा मासा. सकाळी मिसळ खाऊन बोटीत बसू नका आणि उपाशीही बसू नका. रिकामे पोट जास्त ढवळते. दोन बिस्किटे, केळे, घरची कोरडी चपाती. बोटीत भडंग आणि आलेपाक जवळ ठेवा.

गाडी लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून अ‍ॅव्होमिनसारखी गोळी घ्यावी, पण निघण्याच्या तास-दोन तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर पडते. या गोळीने झोप येते, म्हणून परतीची गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये.

बोटीत मध्याच्या मागे बसा, तिथे हेलकावा सर्वांत कमी. नाळेवर बसायला मजा वाटते, पण उसळी तिथेच जास्त. नजर क्षितिजावर ठेवा. मोबाईलमध्ये आणि कॅमेऱ्याच्या पडद्यात मान घालून बसलेला माणूस पहिला आडवा होतो.

८. बोटीवर: कुठे बघायचे

किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटर आत जाऊन किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण, मंद वेगाने चालवायला सांगा. सहा जण असाल तर दिशा वाटून घ्या. सांगण्याची पद्धत घड्याळाची: नाळ म्हणजे बारा, उजवा हात तीन, इंजिन सहा. 'दोन वाजता, पाण्यालगत, डावीकडे जातोय' एवढे पुरते. नुसते 'ते बघ, ते बघ' ओरडले की सगळे एका बाजूला धावतात आणि बोट कलते.

तीन खुणा शोधा. पहिली, पाण्यावरची फेसाची आणि काडीकचऱ्याची लांब पट्टी. दोन प्रवाह भेटतात तिथे ती तयार होते, अन्न गोळा होते आणि त्यामागून पक्षी. तिथल्या तरंगत्या ओंडक्यावर ब्रायडल्ड टर्न बसलेला असू शकतो, ओंडका बघितल्याशिवाय सोडू नका. दुसरी, एका जागी सूर मारणारे सुरय. खालून सुरमई किंवा कुप्पा तारलीला वर रेटत असतो आणि बऱ्याचदा डॉल्फिनही तिथे येतात. तिसरी, जाळे ओढणारी होडी.

किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे, ओढत असतील तर परतल्यावर तिथे अर्धा तास उभे राहा. ब्राह्मणी घारी, कुरव, बगळे इतक्या जवळून बोटीतून दिसत नाहीत, आणि त्यासाठी एक रुपया लागत नाही.

९. ओळख: सुरुवातीला एवढे पुरे

कुरव रुंद पंखांचा, पाण्यावर बदकासारखा तरंगतो. सुरय सडपातळ, टोकदार पंखांचा, चोच खाली रोखून उडतो आणि डोके खाली करून पाण्यात पडतो.

सुरयांत चोच बघा. मोठी पिवळी चोच आणि विस्कटलेला तुरा म्हणजे ग्रेटर क्रेस्टेड. थोडा लहान आणि चोच नारिंगी म्हणजे लेसर क्रेस्टेड. काळी चोच, टोकाला पिवळा ठिपका म्हणजे सँडविच. कुरवाएवढा दांडगा आणि लालभडक चोच म्हणजे कॅस्पियन. पाठ गडद तपकिरी आणि डोळ्यावरून मागे जाणारी पांढरी भुवई असेल तर तो ब्रायडल्ड. एखादा काळपट, ससाण्यासारखा पक्षी सुरयाचा पाठलाग करून त्याला मासा टाकायला लावतो, तो स्कुआ. पेट्रेल पाण्याला जवळजवळ टेकून फडफडत जातो, पाकोळीसारखा काळा, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा.

किल्ल्याच्या किंवा खडकाच्या वर पांढऱ्या पोटाचा, पाचरीसारख्या शेपटीचा मोठा गरुड दिसला तर तो समुद्री गरुड, कोकणातला काकण.

पाण्यातल्या जीवांत सर्वांत नेहमीचा हंपबॅक डॉल्फिन. तो उथळ पाण्यातला, राखाडी, पराखाली कुबड असलेला. आधी लांब तोंड वर येते, मग पाठ. उड्या क्वचित मारतो. पर नसलेली गुळगुळीत, छोटी पाठ क्षणभर दिसून गेली तर तो फिनलेस पॉरपॉइज. तो बोटीपासून दूर राहतो, पुन्हा दिसेल अशी वाट बघू नका. देवमासे दुर्मीळ, पण अशक्य नाहीत: मे २०१५ मध्ये कुणकेश्वरजवळच्या समुद्रात निळ्या देवमाशाची पिल्लासह नोंद झाली. ऑलिव्ह रिडले कासवाचे डोके तरंगत्या नारळासारखे दिसते, म्हणून प्रत्येक नारळ दुर्बिणीतून बघा. चपट्या शेपटीचा साप दिसला तर तो समुद्री साप. विषारी आहे, हात बोटीबाहेर नको.

१०. डॉल्फिन दिसला की

वेग कमी करा आणि निदान ५० मीटरवर थांबा. समोरून किंवा मागून जायचे नाही, बाजूने समांतर राहायचे. गटाच्या मधून बोट घालायची नाही. पिल्लू असेल तर आणखी लांब. तिथे आधीच दोन बोटी असतील तर तुम्ही तिसरे होऊ नका, पंधरा मिनिटे दुसरीकडे पक्षी बघा. खायला टाकणे, शिट्ट्या, बोटीच्या फळीवर हात आपटणे, सगळे बंद. हंपबॅक डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच पंक्तीत.

इंजिन बंद करून दहा मिनिटे शांत बसलात तर श्वासाचा फुस्सकन आवाज ऐकू येतो. दोन-तीनदा वर येऊन तो लांब बुडी मारतो. चार-पाच मिनिटे पाणी रिकामे दिसले म्हणजे तो गेला असे नाही. पुढची नजर शंभर मीटर पुढे ठेवा.

११. परत आल्यावर

दुर्बीण आणि लेन्स कोरड्या रुमालाने पुसू नका. मिठाचे कण काचेवर चरे पाडतात. आधी गोड्या पाण्याने ओला केलेला मऊ कपडा, मग कोरडा.

नोंदी त्याच दुपारी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा. बोटीवर दर तासाला नवी यादी सुरू केलेली बरी, म्हणजे कोणता पक्षी कुठे दिसला हे नेमके राहते. रेंज नसली तरी फोनचे जीपीएस चालते. 'टर्न, ओळख पटली नाही, ३०' ही नोंदही खरी आणि उपयोगाची. अंदाजाने नाव ठोकून देऊ नका.

वाळूत मेलेला डॉल्फिन किंवा कासव दिसले तर हात न लावता फोटो काढा, जागा लिहा आणि १९२६ वर कळवा. पावसाळ्याच्या वाऱ्यात भरकटलेला बूबी (एक मोठा समुद्रपक्षी) किंवा सूटी टर्न किनाऱ्यावर, कधी घाटावरही थकून पडलेला सापडतो. त्याला परत पाण्यात ढकलू नका आणि चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. टॉवेल टाकून उचला. बूबीची चोच डोळ्यावर येते, तोंड लांब ठेवा. भोके पाडलेल्या खोक्यात, तळाला जुने कापड घालून सावलीत ठेवा आणि वनखात्याचा माणूस येईपर्यंत झाकण उघडून बघू नका.